कॅल्गॅकसचे भाषण : पराभूताचा शब्द आणि जेत्याची संहिता

टॅसिटसच्या ‘ॲग्रिकोला’ या छोटेखानी चरित्रग्रंथात कॅलिडोनियन प्रतिकाराचा नायक कॅल्गॅकस तिसाव्या प्रकरणाच्या प्रारंभी बोलू लागतो आणि बत्तिसाव्या प्रकरणाच्या अखेरीस थांबतो. त्यानंतर तो ग्रंथातून नाहीसा होतो. इ.स. ८३ च्या सुमारास ब्रिटनच्या उत्तरेस झालेल्या मॉन्स ग्रॉपिअसच्या लढाईचे वर्णन पुढे सविस्तर येते. ब्रिटनांचे दहा हजार आणि रोमनांचे ३६० सैनिक पडले, असा हिशेबही दिला जातो. त्या ३६० जणांपैकी ऑलस ॲटिकस या तरुण अधिकाऱ्याचा नावानिशी उल्लेख होतो; तारुण्याचा आवेश आणि बेफाम घोडा यांनी त्याला शत्रूच्या गर्दीत कसे नेले, हे सांगण्यासाठी निवेदक क्षणभर थांबतोही. तीन प्रकरणे ज्याच्या वाणीने व्यापली, त्या कॅल्गॅकसचे मात्र काय झाले, तो पडला, पकडला गेला की निसटला, याविषयी एक शब्द नाही. बोलणे संपताच त्याचे कार्य संपलेले असते.

या भाषणाची कीर्ती ग्रंथापेक्षा मोठी आहे. रोमन लूटमारीला साम्राज्य म्हणतात आणि उजाड केलेल्या प्रदेशाला शांतता म्हणतात, हा त्यातील आरोप ज्यांनी टॅसिटस उघडूनही पाहिलेला नाही अशांच्याही परिचयाचा असतो. वसाहतोत्तर समीक्षेचा बोलबाला सुरू झाल्यापासून तर कॅल्गॅकसकडे साम्राज्यविरोधी विमर्शाचा आद्य उद्गाता म्हणून पाहण्याचा मोह वाढला आहे. हा मोह समजण्यासारखा असला, तरी त्यापायी एक साधा प्रश्न बाजूला पडतो. हे भाषण लॅटिनमध्ये आहे. ते रचणारा रोमन सिनेटचा सदस्य आहे, माजी कॉन्सल आहे आणि ज्या सेनापतीने कॅल्गॅकसचा पराभव केला त्याचा जावई आहे. असे असता ‘प्रतिकाराचा आवाज’ म्हणून जे ऐकू येते ते नेमके कोणाचे?

प्राचीन इतिहासलेखनात भाषणे इतिहासकाराने रचावयाची असतात, हा संकेत सर्वपरिचित आहे. थुसिडिडीसने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच त्याची कबुली दिली आहे. तेव्हा कॅल्गॅकस हे सारे ‘खरोखर’ बोलला का, ही चौकशी निष्फळ होय; कॅल्गॅकस नावाची व्यक्ती होती याला या ग्रंथाबाहेर आधार नाही. पाहावयाचे ते असे की, या भाषणातील कळीच्या संकल्पना कोठून येतात. त्याचा सारा डोलारा स्वातंत्र्य आणि दास्य या दोन शब्दांवर उभा आहे. ‘लिबेर्तास’ आणि ‘सेर्व्हितूस’ हे शब्द रोमच्या सिनेटरवर्गाच्या राजकीय परिभाषेचे आहेत आणि याच ग्रंथाच्या आरंभी व शेवटी टॅसिटस त्यांचा विचार रोमच्याच संदर्भात करतो. सम्राट डोमिशिअनच्या (इ.स. ८१–९६) पंधरा वर्षांच्या राजवटीत सिनेटने किती मुकाट्याने मान तुकवली, भल्या माणसांच्या हत्येला आपलेही हात कसे लागले, याची बोच ग्रंथभर आहे. डोमिशिअनच्या वधानंतर, इ.स. ९८ च्या सुमारास हा ग्रंथ लिहिला गेला. रोममध्ये जे बोलता आले नाही, ते साम्राज्याच्या शेवटच्या टोकावरील एका परक्याच्या मुखातून वदवले गेले. परका असल्यामुळे त्याला ते बोलता येते, आणि लवकरच त्याचा पाडाव होणार असल्यामुळे त्याला ते बोलू देण्यात धोका नसतो.

एरिक आउएरबाखने ‘मिमेसिस’मध्ये (१९४६) टॅसिटसच्याच ‘ॲनल्स’मधील दुसऱ्या एका बंडखोराविषयी हाच प्रश्न उपस्थित केला होता. इ.स. १४ मध्ये पॅनोनियातील फौजांत बंडाळी माजली, तेव्हा पर्सेनिअस हा साधा शिपाई सैनिकांच्या हालअपेष्टांचा पाढा वाचतो. आउएरबाखचे म्हणणे असे की, पर्सेनिअसला इतके प्रभावी भाषण बहाल करणाऱ्या टॅसिटसला त्याच्या गाऱ्हाण्यांत काडीचा रस नाही. शिपाई शिपायाच्या भाषेत बोलत नाही, टॅसिटसच्या भाषेत बोलतो; भाषण हा शैलीचा अलंकार ठरतो. झाक राँसिएरने १९९२ च्या आपल्या इतिहासलेखनविषयक ग्रंथात याच उताऱ्याकडे वळून उलट टोकाचा निष्कर्ष काढला. ज्याला बोलण्याचा अधिकारच नाही त्याला टॅसिटसने वक्तृत्व दिले आणि त्यामुळे पुढील काळातील बंडखोरांना एक नमुना मिळाला, ज्याचा ते स्वतःसाठी उपयोग करू शकत होते. एकाच्या मते संहितेने आवाज गिळला, दुसऱ्याच्या मते तो साठवून ठेवला.

कॅल्गॅकसच्या बाबतीत हा वाद अधिक अवघड होतो. पर्सेनिअस बोलू लागण्यापूर्वीच निवेदकाने त्याची पत घालवलेली असते: हा पूर्वी नाटकशाळेत टाळ्या पिटणाऱ्यांचा म्होरक्या होता, हे तो सांगून टाकतो. कॅल्गॅकसचा परिचय मात्र शौर्याने आणि कुळाने श्रेष्ठ असा करून दिला जातो. रणजित गुहा यांनी १९८३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बंडखोरीविरोधी गद्याचे वाचन कसे करावे याची एक दिशा दाखवली होती. सरकारी अहवाल ज्याला दंगा, धर्मवेड, लूट म्हणतो, त्या शब्दांचे मूल्य उलटे केले की बंडखोराच्या जाणिवेची रूपरेषा दिसू लागते. ही पद्धत निंदेवर चालते. जेथे जेता पराभूताची स्तुती करतो, ग्रंथातील उत्तमोत्तम वाक्ये त्याच्याच पदरात टाकतो, तेथे उलटावयाचे काय? टॅसिटसने कॅल्गॅकसला उदात्त केले आणि या उदात्तीकरणामुळेच तो अधिक दुर्गम झाला. शिवी देणाऱ्या दस्तऐवजाच्या आड माणूस शोधता येतो. गौरवाच्या आड तो सापडणे कठीण.

तरीही भाषण म्हणजे निव्वळ वक्तृत्वशाळेतील कवायत असे म्हणून हात झटकणे योग्य होणार नाही. कॅल्गॅकसच्या आरोपांत धान्यवसुलीचा आरोप आहे. एकोणिसाव्या प्रकरणात, कॅल्गॅकस रंगमंचावर येण्याच्या पुष्कळ आधी, निवेदक स्वतःच या वसुलीची रीत सांगून गेला आहे: बंद कोठारांसमोर लोकांना तिष्ठत ठेवायचे, त्यांना धान्य विकत घ्यायला लावायचे, जवळ छावणी असता दूरच्या आडवाटेने पोचवण्याचा हुकूम द्यायचा, म्हणजे काही थोड्यांची तुंबडी भरते. ॲग्रिकोलाने हे बंद केले, हे सांगून सासऱ्याच्या पदरात श्रेय टाकण्यासाठी तो हा तपशील देतो. पण तपशील दिल्यावर तो परत घेता येत नाही. बंडखोराचा आरोप निवेदकाने आधीच सिद्ध करून ठेवलेला असतो. एकविसाव्या प्रकरणाचेही तसेच. ब्रिटनमधील सरदारांच्या मुलांना रोमन विद्या शिकवल्या, टोगा अंगावर आला, स्नानगृहे व मेजवान्या आल्या आणि भोळ्या लोकांनी दास्याच्या या भागालाच संस्कृती मानले, अशा अर्थाचा शेरा तेथे कॅल्गॅकसचा नाही, खुद्द निवेदकाचा आहे. म्हणजे भाषणातील टीका आणि निवेदनातील टीका एकमेकींत मिसळतात. कोण कोणाचा प्रतिध्वनी आहे, हे ठरवणे मग सोपे राहत नाही.

बूडिकेच्या उठावाकडे वळले की ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण येथे दोन संहिता हाताशी आहेत. इ.स. ६०–६१ मधील या उठावाची हकिकत टॅसिटसने ‘ॲनल्स’च्या चौदाव्या पुस्तकात सांगितली आणि सुमारे शतकभराने डिओ कॅशिअसने ग्रीकमध्ये. डिओचा हा भाग आज अकराव्या शतकातील क्झिफिलिनसच्या संक्षेपातूनच उपलब्ध आहे. टॅसिटसच्या मते आयसेनींचा राजा प्रासूटॅगस याने सम्राट नीरोला आपल्या दोन मुलींसह वारस नेमले आणि राज्य सुरक्षित राहील अशी आशा धरली. घडले ते उलटेच. सेंचुरिअनांनी राज्य लुटले, राणीला फटके मारले, मुलींवर अत्याचार केले, सरदारांच्या वडिलोपार्जित मालमत्ता हिरावून घेतल्या. डिओ मृत्युपत्राचा उल्लेख करीत नाही. फटके आणि अत्याचार यांचाही नाही. त्याच्या लेखी कारण आर्थिक आहे: क्लॉडिअसने दिलेल्या रकमा परत मागण्यात आल्या आणि तत्त्वज्ञ सेनेकाने ब्रिटनांच्या गळ्यात मारलेले चार कोटी सेस्टर्सचे कर्ज एकाएकी वसूल करायला घेतले. टॅसिटसची बूडिका विष घेते, डिओची आजारी पडून मरते.

दोघांच्या बूडिका बोलतात त्या आपापल्या निर्मात्याच्या गरजेप्रमाणे. डिओची राणी उंच, कर्कश आवाजाची, कमरेपर्यंत केस सोडलेली, गळ्यात सोन्याचा गोफ ल्यालेली आहे. ती पदरातून ससा सोडून शकुन पाहते, अँड्रास्टा देवीला आवाहन करते, आणि मग नितोक्रिस, सेमिरॅमिस, मेसॅलिना, ॲग्रिपिना यांची उदाहरणे देत नीरोला बायकी ठरवते. पूर्व ब्रिटनमधील राणीला इजिप्त-बॅबिलोनच्या राण्यांची एवढी माहिती कोठून असावी, हा प्रश्न डिओला पडत नाही, कारण हे भाषण ग्रीक वाचकासाठी मांडलेला नीरोच्या दरबारावरील अभिप्राय आहे. राणीचा वेष रानटी, तिची उद्धरणे ग्रीक पाठशाळेतील. हे कलम बेमालूम झालेले नाही.

टॅसिटसची राणी थोडे बोलते. दोन्ही मुलींना रथात पुढे बसवून ती टोळीटोळीजवळून जाते; आपण थोर पूर्वजांची वंशज म्हणून राज्यासाठी लढत नसून लोकांपैकी एक म्हणून गमावलेले स्वातंत्र्य, फटक्यांनी सोललेले शरीर आणि मुलींची विटंबना यांचा सूड घेत आहोत, असे सांगते. येथे कथनमीमांसेच्या दृष्टीने एक बाब महत्त्वाची ठरते. कॅल्गॅकसचे भाषण प्रत्यक्ष कथनात आहे, बूडिकेचे अप्रत्यक्ष कथनात; ‘ती असे म्हणाली की’ या चौकटीतून ते येते. इ.स. ५१ मध्ये बंदी होऊन रोमला आणलेला कॅराटॅकस क्लॉडिअससमोर बोलतो तेही प्रत्यक्ष कथनात. दोन पुरुषांना उत्तम पुरुषी सर्वनाम मिळते, राणीला मिळत नाही. अप्रत्यक्ष कथन ही टॅसिटसची नेहमीची पद्धत असल्याने या भेदावर फार मोठी इमारत उभारणे धाडसाचे होईल. पण फटके ज्या शरीरावर बसले त्याच शरीराला निवेदकाच्या व्याकरणातून बोलावे लागते, हे नजरेआड करण्याजोगे नाही.

याहून मोठी गोष्ट भाषणात काय नाही, ही आहे. ट्रिनोव्हांटीझ लोक आयसेनींना का मिळाले, याचे कारण टॅसिटस निवेदनाच्या ओघात देतो. कॅम्युलोडूनम येथे वसवलेल्या निवृत्त सैनिकांनी त्यांना घरांतून व शेतांतून हुसकून लावले होते. क्लॉडिअसचे देऊळ त्यांच्या डोळ्यांसमोर परसत्तेचा गड म्हणून उभे होते आणि त्याच्या पुरोहितपदासाठी निवडलेल्यांची घरेदारे धुतली जात होती. जमीन, देऊळ, खर्च. राणीच्या तोंडी यांपैकी काहीच येत नाही. तिच्या वाट्याला स्वातंत्र्य आणि अब्रू ही उदात्त सूत्रे येतात. प्रतिकाराचे भौतिक कारण निवेदनात आणि भावनिक कारण भाषणात, अशी ही विभागणी आहे. भाषणालाच प्रतिकाराचा आवाज मानणारा वाचक त्यामुळे नेमकी जमीन गमावतो.

प्रासूटॅगसच्या मृत्युपत्राची हकिकत मराठी वाचकाला झाशीची आठवण दिल्याशिवाय राहत नाही. गंगाधररावांनी १८५३ साली मृत्यूपूर्वी दत्तक घेतला आणि १८५४ साली डलहौसीने संस्थान खालसा केले. साम्राज्यांना वारसाहक्काच्या कागदात फट शोधण्याची सवय जुनी आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने साम्यापेक्षा भेद बोलका आहे. झाशीचा वेढा आतून पाहणारा विष्णुभट गोडसे नावाचा भिक्षुक होता आणि त्याचा ‘माझा प्रवास’ आहे. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली तो आपला हात फिरवून प्रसिद्ध केला आणि पुढे मूळ हस्तलिखितानुसारही तो निघाला. गोडसे भटजींच्या राणीवर त्यांच्या श्रद्धेचे आणि भीतीचे संस्कार असतील, पण ती कलकत्त्याच्या वा लंडनच्या भाषेत बोलत नाही. आयसेनींचा गोडसे भटजी झाला नाही. हा भेद पुसून दोन्ही राण्यांना एकाच मखरात बसवणाऱ्या लेखनाने दोघींवरही अन्याय केला आहे.

आयसेनींनी स्वतः मागे ठेवली ती नाणी. त्यांतील एका चांदीच्या नाण्यावरील अक्षरांत प्रासूटॅगसचे नाव एकेकाळी वाचले गेले. नंतरच्या वाचनात ते नाव एसुप्रास्टस असे लागले. मौज अशी की, नाणे पाडणाऱ्याने ‘केले’ या अर्थी क्रियापद वापरले ते लॅटिन. टोळीच्या स्वतःच्या नाण्यावरही जेत्याची भाषा पोचली होती. येथे मराठीतील ‘टोळी’ या शब्दाविषयीही एक नोंद करावयास हवी. टोळी म्हटले की टोळधाड आठवते आणि दरोडेखोर आठवतात. ‘आदिवासी’ म्हणावे तर विसाव्या शतकातील भारतीय राजकारण त्याला चिकटून येते. टॅसिटस ‘गेन्स’ आणि ‘किव्हितास’ हे शब्द वापरतो, म्हणजे वंशसमूह आणि राज्यसमूह. या समूहांना एकत्र ‘ब्रिटन’ म्हणण्याची गरज त्यांच्यापेक्षा रोमला अधिक होती. कॅराटॅकसला साखळदंड घालून रोमनांच्या हवाली करणारी ब्रिगँटीझांची राणी कार्टिमँडुआ हीसुद्धा ‘ब्रिटन’च होती.

याच ब्रिगँटीझांच्या संदर्भात कॅल्गॅकसच्या भाषणात एक चमत्कारिक जागा आहे. एका स्त्रीच्या नेतृत्वाखाली ब्रिगँटीझांनी रोमन वसाहत जाळली, असे तो म्हणतो. वसाहत जाळली ती आयसेनी आणि ट्रिनोव्हांटीझांनी. सोळाव्या प्रकरणात बूडिकेचे नाव देणारा टॅसिटस एकतिसाव्यात कॅल्गॅकसकडून ही चूक करवतो, किंवा स्वतः करतो. काही संपादकांनी ‘ब्रिगँटीझ’च्या जागी ‘ट्रिनोव्हांटीझ’ असा पाठ सुचवला आहे. पण चूक तशीच ठेवून वाचले तर दिसते ते असे: रोमशी लढलेली राणी आणि रोमची दोस्त राणी या एका वाक्यात एकरूप झाल्या आहेत. प्रतिकाराचा महान वक्ता प्रतिकाराचा इतिहासच चुकीचा सांगतो. पाठशुद्धीने संहिता नीट होईल, पण रोमच्या स्मरणात या लोकांची नावे किती सैल बसली होती, याचा हा पुरावाही पुसला जाईल.

राँसिएर म्हणतो तसा हा आवाज पुढील काळासाठी साठवला गेला असेल, पण तो कोणी उचलला हेही पाहिले पाहिजे. विल्यम कूपरच्या १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या बूडिकेवरील कवितेत एक ड्रुइड राणीला भविष्य सांगतो की, सीझरलाही ठाऊक नसलेल्या प्रदेशांवर तिचे वंशज राज्य करतील. टॉमस थॉर्निक्रॉफ्टने घडवलेला बूडिकेचा रथारूढ पुतळा त्याच्या मृत्यूनंतर, १९०२ साली, लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाजवळ बसवण्यात आला आणि त्याच्या चौथऱ्यावर हेच भविष्य कोरले आहे. साम्राज्याला आग लावणारी स्त्री साम्राज्याची कुलदेवता झाली. भारतात येणाऱ्या सनदी नोकरांच्या स्पर्धापरीक्षेत लॅटिन आणि ग्रीक यांना भरघोस गुण असत. टॅसिटस वाचलेले अधिकारी येथे जिल्हे चालवीत होते. कॅल्गॅकसच्या वाक्यांनी त्यांची झोप उडाल्याचे दिसत नाही. वक्तृत्व कोणाच्याही हाती लागते.

टॅसिटस ‘ॲग्रिकोला’ लिहीत होता त्याच सुमारास ब्रिटनच्या उत्तर सीमेवरील व्हिंडोलंडा येथील छावणीत कोणीतरी लाकडाच्या पातळ फळीवर शाईने एक टिपण लिहिले. अशा फळ्या तेथे १९७३ पासून सापडू लागल्या. या टिपणात ब्रिटनांच्या लढण्याच्या रीतीची कोरडी नोंद आहे: अंगावर चिलखत नाही, घोडेस्वार पुष्कळ, पण ते तलवार वापरीत नाहीत. त्यांच्यासाठी शब्द वापरला आहे तो ‘ब्रिट्टुंकुली’, म्हणजे ब्रिटनुकले. रोमच्या ग्रंथालयात कॅल्गॅकस आणि सीमेवरच्या कचऱ्यात ब्रिटनुकले. गुहांची पद्धत या फळीवर चालेल, कारण येथे तुच्छता उघडी आहे.

भाषणाबाहेर, पण ‘ॲग्रिकोला’च्याच पृष्ठांत, एक जागा अशी आहे जेथे प्रतिकार कोणाच्याही वक्तृत्वाविना दिसतो. मॉन्स ग्रॉपिअस येथे तीस हजारांहून अधिक ब्रिटन जमले होते असे टॅसिटस सांगतो. दहा हजार पडले, म्हणजे त्याच्याच आकड्यांप्रमाणे दोनतृतीयांश निसटले. अडतिसाव्या प्रकरणात दुसऱ्या दिवसाची सकाळ येते. सर्वत्र शांतता, ओस टेकड्या, दूरवर धुमसणारी घरे, आणि टेहळ्यांना माणूस म्हणून भेटत नाही. कॅल्गॅकसने ज्या उजाडपणाचा आरोप केला होता तो आठ प्रकरणांनंतर निवेदकाच्याच नजरेने शब्दशः समोर उभा राहतो. त्या लोकांनी आपली घरे स्वतःच पेटवून दिली होती, असेही निवेदन सांगते. उन्हाळा सरत आला म्हणून ॲग्रिकोला माघारी वळतो. पुढे त्याला परत बोलावले गेले ते डोमिशिअनच्या मत्सरामुळे, असे ग्रंथ सुचवतो. न सापडलेल्या वीस हजारांचा या कारणमीमांसेत वाटा नाही. टे नदीकाठी इंचटथिल येथे लीजनसाठी बांधायला घेतलेला मोठा तळ थोड्याच वर्षांत, इ.स. ८७ च्या सुमारास, अपुरा असतानाच रोमनांनी मोडून सोडून दिला. निघताना त्यांनी आठ लाखांहून अधिक लोखंडी खिळे खोल खड्ड्यात पुरले आणि वर माती दाबली. टेकड्यांतील लोकांच्या हाती ते लोखंड लागू नये, एवढ्यासाठी असावे. १९६० च्या सुमारास उत्खननात ते सापडले. त्या टेकड्यांत तेव्हा कोण होते, हे टॅसिटसच्या ग्रंथात नाही.